इंजिनावरचा पांढरा थर

"हात जोड आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल. इंजिनात पाणी माझ्यामुळे गेलं, माझी चूक झाली. एवढं बोल आणि मोकळा हो."

सरांच्या हातात मोबाईल होता. कॅमेरा माझ्या तोंडावर. मुलुंडच्या एका सोसायटीचं तळघरातलं पार्किंग, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि सरांच्या पांढऱ्या गाडीभोवती जमलेली आठ-दहा माणसं. सोसायटीचे सेक्रेटरी होते. गेटवरचा वॉचमन होता. सरांची बायको होती, तिला मी मॅडम म्हणायचो. बाकीचे गाड्यांचे मालक. त्यातल्या बहुतेकांच्या गाड्या साफसफाईला माझ्याकडे होत्या. या एका सोसायटीत माझ्या अकरा गाड्या होत्या. माझ्या पाठीवर सामानाची बॅग होती. ती खाली ठेव असंही कुणी म्हणालं नव्हतं.

"व्हिडिओ कशाला सर?" मी विचारलं.

"ग्रुपवर टाकायला. आपण कोणाच्या हातात गाडी देतोय ते बाकीच्यांनाही कळू दे. नाही बोललास तर आजपासून गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. सेक्रेटरीसाहेब इथेच आहेत."

सेक्रेटरींनी मान हलवली. "बोलून टाक रे बाबा. एका मिनिटाचं काम आहे. आम्हालाही नाश्ता करायचाय."

मी बेचाळीस वर्षांचा आहे. सर माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहानच असतील. ते मला तू म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, आणि पाच वर्षांत यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटलं नव्हतं. घरी माझी पोरगी बारावीला आहे. बापानं हात जोडलेला व्हिडिओ उद्या तिच्या मोबाईलवर पण येणार. व्हिडिओला काय, गेट थोडंच असतं. आणि नाही जोडले तर अकरा गाड्या एका सकाळी गेल्या.

खोटं कशाला सांगू? माझे हात छातीपर्यंत आले होते. हे मी लपवणार नाही. दुसऱ्याचं उघडं पाडायचं तर आधी आपलं सांगायला पाहिजे. माझे हात वर येत होते, आणि ते वर आणायला मला कुणी धरलं नव्हतं. ते आपोआप येत होते.

आता मी काय काम करतो ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडी धुणारे मुंबईत पायलीचे पन्नास आहेत. बादली, फडकं, झालं. माझं काम वेगळं. मी इंजिन साफ करतो. बॉनेट उघडल्यावर जे दिसतं ते. गाडीवाल्याला बाहेरून चकाचक पाहिजे असतं, आतमध्ये काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. तेल गळलेलं असतं, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर झालेला असतो. सुकलेली पानं, उंदराच्या लेंड्या, कधी अख्खं घरटं. हे सगळं माझ्या हातानं निघतं. संध्याकाळी नखांतून काळं काढता काढता साबण संपतो.

काम शिकलो साकीनाक्याच्या एका गॅरेजमध्ये. नऊ वर्षं होतो तिथे. तिथला उस्ताद रोज एकच गोष्ट बोलायचा, "पानी कम मार, हाथ जास्ती चला." इंजिन थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही. बॅटरीची वायर आधी सोडवायची. जिथे जिथे वीज खेळते तिथे प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. मग ग्रीस तोडणारं केमिकल, मग ब्रश, आणि ब्रश जाणार नाही तिथे दात घासायचा जुना ब्रश. प्रेशरचा पाइप मी इंजिनावर आयुष्यात कधी धरला नाही. ओल्या फडक्यानं पुसतो आणि ब्लोअरनं हवा मारून सुकवतो.

आणि सगळ्यात शेवटी उलटा हात. म्हणजे हाताची मागची बाजू. आमचे तळहात केमिकलनं राठ झालेले असतात, त्यांना ओल कळत नाही. मागच्या कातडीला कळते. आई पोराचा ताप बघते ना, तसा प्रत्येक वायरीच्या जोडावर उलटा हात ठेवायचा. एक जरी जोड गार लागला तरी परत ब्लोअर. सगळे कोरडे लागले की मगच बॉनेट बंद. हे उस्तादानं शिकवलं आणि मी एकदाही चुकवलं नाही. गॅरेजची नऊ वर्षं आणि स्वतःच्या धंद्याची आठ, एवढ्या काळात माझ्या हातून एका इंजिनात पाणी गेलेलं नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. मला फुशारकी मारायला दुसरं आहेच काय.

सरांकडे पहिल्यांदा गेलो तो नवमीच्याच दिवशी, यंदाची धरून पाच नवम्या झाल्या. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, त्याच्या आदल्या दिवशी इंजिन लख्ख करून द्यायचं, असं काम. मी बॅग उघडत होतो तेव्हा त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं. सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही, आमच्यातही आहे आणि दुसऱ्यांतही आहे. मग गाव विचारलं. मालवणच्या बाजूचं, म्हणालो.

"अरे, मग आपण गाववालेच की. वाडी कुठली?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न बरोब्बर कळतो. आमच्याकडे गावात वाड्या असतात आणि वाडीला जात असते. कुणी तुम्हाला जात कुठली असं तोंडावर विचारत नाही. वाडी विचारतात. सभ्य माणसं आहेत सगळी.

"खालची वाडी," मी म्हणालो.

"खालची म्हणजे बौद्धवाडी का?"

"हो."

"छान, छान. आम्ही तसलं काही मानत नाही हां." हे सगळं विचारून झाल्यावर म्हणाले.

त्या "खालची"ची मला आजही लाज वाटते. एसटी थांबते तिथे आमच्या वाडीची पाटी आहे, निळ्या अक्षरांत, बौद्धवाडी. माझ्या बापानं आणि चार जणांनी खांब रोवून ती लावलीय. आणि मी ती पाटी तोंडातल्या तोंडात गिळून टाकली. का? समोरच्यानं कामावरून परत पाठवू नये म्हणून. त्यानं परत पाठवलं नाही. काम दिलं, दरवर्षी दिलं, आणखी दहा गाड्या मिळवून दिल्या. आणि मी पाच वर्षं बोलत फिरलो की सर लय भारी माणूस.

मॅडम शाळेत शिकवतात. त्या मला कायम तुम्ही म्हणायच्या. काम अर्ध्यावर आलं की स्वतः चहा घेऊन खाली यायच्या. सरांना मगमध्ये, मला कागदी कपात. "अहो, कोरोनापासून सवयच लागलीय," म्हणायच्या. मला पटायचं. मग एकदा वॉचमनला त्यांनी स्टीलच्या कपात चहा दिलेला मी बघितला. वॉचमनला कोरोना होत नसेल. मी ते बघितलं आणि माझा कागदी कप चुरगळून खिशात टाकला, आणि सरांच्या गाडीला हवा मारत बसलो.

दुसऱ्या वर्षी बॉनेट उघडलं तर आत एक पांढरा थर दिसला. वाळलेल्या मिठासारखा. बॅटरीच्या झाकणावर, वायरींच्या जोडांवर, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या आजूबाजूला. कुठे ठिपके, कुठे ओघळ. आधीच्या वर्षी मी काचेसारखं करून दिलेलं इंजिन. म्हटलं, हे काय बसलंय? सरांना दाखवलं.

"खाडीची हवा रे," सर म्हणाले. "मुलुंडला खाडी जवळ आहे ना. खारं बसतं."

मी दातांचा ब्रश घेतला आणि अर्धा तास ते खारं घासत बसलो. तिसऱ्या वर्षी परत तेच. चौथ्या वर्षी परत. त्याच जागा, तेच ओघळ. हट्टी थर, सहज निघायचा नाही, जोडांच्या फटीत जाऊन बसायचा. खाली पडून, मान वाकडी करून, टॉर्च दातात धरून मी तो काढायचो. आता खरी गोष्ट ऐका. त्याच तळघरातल्या बाकीच्या दहा गाड्यांवर तो थर कधीच नव्हता. खाडीची हवा काय फक्त सरांच्याच गाडीत शिरत होती? हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. डोक्यात शिरू दिलं नाही.

यंदा नवमीला पाचव्यांदा इंजिन केलं. आधी चौथ्यांदा तो थर घासून काढला, मग बाकीचं काम. या वेळी मॅडम चहा देऊन वर गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. "किती मनापासून करता हो तुम्ही. आमच्या मुलांना दाखवायला पाहिजे," म्हणाल्या. मला बरं वाटलं. माणूस कौतुकाला किती भुकेला असतो बघा. शेवटी मी एकेका जोडाला उलटा हात लावत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय करताय?"

"ओल राहिली का बघतोय मॅडम. हात लावल्याशिवाय कळत नाही."

"सगळीकडे लावता?"

"सगळीकडे. एक पण जागा सोडत नाही."

छाती फुगवून सांगितलं मी. मॅडम "हो का" म्हणाल्या आणि वर गेल्या.

दसऱ्याच्या दुपारी सरांचा फोन आला. गाडी घाटकोपरला भर रस्त्यात बंद पडली होती. आधी गचके द्यायला लागली, मग पिवळा दिवा, मग बंदच. नवे कपडे घातलेलं अख्खं कुटुंब बहिणीकडे जेवायला निघालं होतं ते फुटपाथवर उभं. मागच्या गाड्या हॉर्न मारतायत. टोइंगवाला बोलवून गाडी परत आणावी लागली.

"काय करून ठेवलंस? इंजिनात पाणी सोडलंस ना?" सर फोनवर ओरडत होते. मागून मॅडमचा आवाज येत होता, अपशकुन झाला, अपशकुन झाला.

"सर, मी इंजिनावर पाणी मारतच नाही."

"उद्या सकाळी ये. सगळ्यांसमोर बोलू."

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मी डोळे मिटून ते इंजिन परत परत बघत होतो. हा जोड कोरडा होता. हा कोरडा होता. हा? हाही होता. स्वतःच्या हातावरचा भरवसा उडायला लागला की कामाच्या माणसाचं काय होतं ते कामाच्या माणसालाच कळेल. बायको म्हणाली, "तू चुकला नाहीस तर घाबरतोस कशाला?" तिला काय सांगणार. चुकलो नाही तरी घाबरायची आम्हाला सवय आहे.

तर असा मी तिथे उभा होतो, कॅमेऱ्यासमोर, हात छातीपर्यंत आलेले. दोन्ही तळवे आता जुळणार, एवढ्यात माझी नजर माझ्याच उजव्या हाताच्या मागच्या बाजूवर गेली. केमिकलनं पांढरट पडलेली कातडी, जुने चटके. परवा याच कातडीला एकेक जोड कोरडा लागला होता. मग ओल आली कुठून? हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. स्वतःलाही नाही. सगळ्यांनी ठरवलं होतं की ती माझ्याकडूनच आली असणार, आणि त्या सगळ्यांत मी पण होतो.

मी हात खाली घेतले.

"आधी बघतो," मी म्हणालो.

"काय बघतोस?"

"इंजिन. माझी चूक निघाली तर दहा व्हिडिओ काढा. पण आधी मला बघू दे."

गाडीवर झेंडूचा हार अजून तसाच होता. बॉनेट नुसतं टेकवलेलं होतं, आदल्या दिवशी टोइंगवाल्यानं उघडून बघितलं असणार. मी पुढे झालो तर सर आडवे आले. हात पसरून.

"हात लावू नकोस. पूजा झालीय गाडीची."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "सर, हात न लावता कसं बघू?"

"नाही लावायचा म्हटलं ना."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. उंदराच्या लेंड्या काढायला हाच हात चालतो. काळं तेल खरवडायला हाच हात चालतो. आणि पूजा झाल्यावर ज्या चुकीसाठी मी हात जोडायचे, ती चूक बघायला सुद्धा तो हात चालत नाही. फक्त जोडायला चालतो.

"अहो, सणाचं आहे म्हणून म्हणतायत ते," मॅडम मागून मऊ आवाजात म्हणाल्या. "तुम्ही मनावर नका घेऊ."

मी सरांच्या हाताखालून आत शिरलो आणि बॉनेट उचललं.

वास आला. पाण्याला वास नसतो. हा वास तिथल्या प्रत्येक माणसाला ओळखीचा होता, कुणाला नाक मुरडायचीही गरज नव्हती. गोमूत्र. बाटलीतलं, दुकानात मिळतं ते. गरम इंजिनावर पडून वाफाळलेलं आणि आटलेलं. कॉइलच्या खोबणीत ते तसंच साचलेलं होतं, त्यात कुंकू विरघळून लाल झालेलं, तुळशीचं एक पान जोडाला चिकटलेलं. आणि जिथे ते सुकलं होतं तिथे पांढरं. वाळलेल्या मिठासारखं. तेच ठिपके. तेच ओघळ. त्याच जागा.

खाडीची हवा.

चार वर्षं मी काय घासत होतो? चार वर्षं टॉर्च दातात धरून, मान मोडून मी कशाचा थर काढत होतो? मी निघून गेल्यावर माझ्या हातांच्या जागा शोधून शोधून यांनी ते शिंपडलं होतं, आणि वर्षभरानं मीच येऊन ते साफ करत होतो, आणि चहा पिऊन थँक्यू सर म्हणत होतो. माझा विटाळ काढण्याचं काम पण माझ्याकडूनच करून घेतलं यांनी. आणि मी विचारलं तेव्हा हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, खाडीची हवा. डोळ्याची पापणी लवली नाही त्याची.

"सर, हे काय आहे?" मी विचारलं.

सरांनी मोबाईल अजून वरच धरला होता.

उत्तर मॅडमनी दिलं. लाजत नाही, घाबरत नाही, शाळेत मुलांना समजावतात तशा आवाजात. "पूजेच्या आधी आम्ही शुद्धीसाठी थोडंसं शिंपडतो. दरवर्षीच. त्यानं कधी काही झालं नाही. यंदा जरा जास्त पडलं असेल. तुम्ही यंदा सगळीकडेच हात लावलात ना."

तुम्ही म्हणाल्या. हात लावलात म्हणाल्या. किती आदर.

तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. मी वाकलो, कॉइलचा जोड खटकन ओढून काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. त्यातून ते पिवळं खाली ठिबकत होतं.

"व्हिडिओ चालू आहे ना सर? चालू ठेवा. हे बघा. हे पाणी नाही. हे माझ्यानंतर तुम्ही ओतलंय. मी इथे हात लावला म्हणून ओतलंय. मी हात लावला होता ओल राहू नये म्हणून, आणि त्या हातावर तुम्ही बाटली उपडी केलीत. आता टाका ग्रुपवर."

सरांनी मोबाईल खिशात घातला.

"जाऊ दे ना आता," सेक्रेटरी म्हणाले. "श्रद्धेचा भाग आहे. सणासुदीला कशाला वाढवायचं?"

माझे हात जोडलेले असते तर ते वाढवणं नव्हतं. तो एका मिनिटाचा कार्यक्रम होता. मी तोंड उघडलं आणि लगेच सण आठवला यांना.

सर घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. गैरसमज झाला. तुझीही चूक नाही, आमचीही नाही. आता तू ते सगळं साफ कर आणि गाडी चालू करून दे. काम चालू राहील तुझं. मी बोलतो सगळ्यांशी."

आमचीही नाही. ऐकलंत ना? आणि साफ कोण करणार? मीच. आणि साफ केलं तर मग पूजा झालेल्या गाडीला हात लावलेला चालणार होता. त्यांच्या कामाला चालतो. सगळे नियम त्यांच्या सोयीनं उठतात आणि बसतात.

एक सांगतो. तिथे क्षणभर मला मोह झाला. अकरा गाड्या. पोरीचा क्लास. गप्प बसून अर्ध्या तासात मी ते इंजिन चालू करून दिलं असतं, तेवढी अक्कल माझ्या हातात आहे. पण ते गप्प बसणं मी पाच वर्षं केलेलं होतं, आणि त्याचा थर माझ्या समोर इंजिनावर बसलेला होता.

मी बॅग उघडली. दातांचा ब्रश काढला, याच गाडीत चार वर्षं वापरलेला, केस वाकडे झालेला. तो इंजिनावर ठेवला.

"सर, हे मी चार वेळा घासलंय. पाचव्यांदा तुम्ही घासा. मॅडम टॉर्च धरतील. पुसून झालं की उलटा हात लावून बघा, ओल राहिली का. आणि अजून एक. पहिल्या दिवशी तुम्ही वाडी विचारलीत तेव्हा मी खालची म्हणालो. ते माझं चुकलं. आमची वाडी खालची नाही. बौद्धवाडी आहे. माफी मागायची तर मी एवढ्याचीच मागतो, आणि ती पण तुमची नाही, माझ्या बापाची."

बॅग पाठीला लावली आणि रॅम्प चढून वर आलो. कुणी थांबवलं नाही. वॉचमननं गेट उघडलं आणि रजिस्टरमध्ये माझ्या बाहेर जायची वेळ लिहिली. माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. त्याच्यावर मी रागावलो नाही, त्याला पण नोकरी आहे.

संध्याकाळपर्यंत मेसेज यायला लागले. सध्या नको. नंतर कळवतो. आम्ही दुसऱ्याला दिलंय. एकजण तेवढा फोन करून म्हणाला, "तुमचं बरोबर होतं हो, पण आम्हाला याच सोसायटीत राहायचंय." मी म्हटलं, राहा. अकराच्या अकरा गाड्या गेल्या. परत आल्या नाहीत, येणारही नाहीत.

माझा बाप गिरणीत होता. आता जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत खिडकीपाशी बसून असतो. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या टायमार समोर शिंपडायचे रे. आता पाठसून शिंपडतत. इतकोच फरक." आणि परत खिडकीबाहेर बघायला लागला. त्याची ती शांतता मला सहन झाली नाही. माझ्या पोरीनं माझ्याकडे बघून असं शांत बसू नये, एवढंच मला त्या वेळी वाटलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून पोलीस स्टेशनला गेलो. पोरीनंच लिहून दिला, तिचं अक्षर चांगलं आहे. समोरच्या साहेबांनी वाचला. "तुझ्या अंगावर शिंपडलं का?" नाही. "जातीवरून शिवी दिली?" नाही. "मग? गाडी त्यांची, इंजिन त्यांचं. त्यांच्या गाडीवर त्यांनी काय शिंपडायचं ते त्यांचं ते बघतील."

मी उठलो नाही. म्हटलं, अर्ज घ्या आणि शिक्का मारून प्रत द्या, मग जातो. दुपारी तीनपर्यंत बसवून ठेवलं. बसलो. शेवटी शिक्का मारला. पुढे काही झालेलं नाही. दर सोमवारी जाऊन विचारतो. मला बघितलं की ते आता तोंड वाकडं करतात. करू देत. ती प्रत माझ्या पाकिटात आहे.

कामाची बाकीची पद्धत मी बदललेली नाही. इंजिन थंड, पिशव्या, ब्रश, ब्लोअर, उलटा हात. फक्त सुरुवात बदललीय.

गेल्या आठवड्यात घाटकोपरला एक नवीन गाडी मिळाली. मालक साठीच्या आसपासचे, बोलायला गोड. मी पोचलो तर म्हणाले, "या, या. आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं. थांबलो नाही. गाव सांगितलं. वाडी सांगितली, बौद्धवाडी, त्यांनी विचारायच्या आत.

"अहो, मी सहज विचारलं," ते म्हणाले.

"मी पण सहजच सांगतोय. तुमच्या इंजिनात माझा हात सगळीकडे लागणार. सुलटा लागणार, उलटा लागणार, एक जागा सुटणार नाही. माझ्या पाठीमागे त्यावर काही शिंपडायचं असेल तर आत्ता सांगा, मी आलो तसा जातो. नंतर कळलं तर मी गप्प बसणार नाही. आता बोला, बॉनेट उघडायचं की नाही?"

मी बॅग पाठीवरून उतरवली नाही. दोन्ही हात खिशात घातले आणि उभा राहिलो. उत्तर मिळाल्याशिवाय ते हात आता बाहेर निघत नाहीत.